जुनी फियाट ‘विंटेज’ करावी का? आधी हिशेब मांडा

गणपतीत घरी येणारा प्रत्येक पाहुणा पार्किंगमधल्या आमच्या १९६९च्या फियाटपाशी थांबतो आणि दोन गोष्टी बोलतो. एक, ‘ॲव्हरेज किती देते हो?’ आणि दोन, ‘आता हिला विंटेज करून टाका, सगळी कटकट मिटेल.’ पहिलं मी हसण्यावारी नेतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र गाडी कोणती, किती वर्षांची आणि तुम्ही तिचं काय करता, यावर ठरतं. गेल्या चार-पाच वर्षांत नियम आणि शुल्क दोन्ही बदलल्यामुळे हे उत्तरही बदललं आहे.

परिवहन कार्यालयाच्या लेखी जुन्या खाजगी गाडीची तीन वयं असतात: १५, २० आणि ५०. गाडी सुंदर आहे का, दुर्मीळ आहे का, तिच्यातून तुमच्या आईवडिलांची वरात निघाली होती का, याला अर्जात रकाना नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, ज्याला आपण सगळे ‘री-पासिंग’ म्हणतो. ३१ मार्च २०२२पर्यंत मोटारीच्या नूतनीकरणाला ६०० रुपये लागायचे. दुसऱ्या दिवसापासून ते ५,००० झाले. मोटरसायकल-स्कूटरचे ३००चे १,००० झाले आणि आयात केलेल्या मोटारीचे १५,०००चे ४०,०००. मग ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी एक पायरी चढवली. वीस वर्षं ओलांडलेल्या मोटारीला आता १०,०००, दुचाकीला २,०००, आयात केलेल्या दुचाकीला २०,००० आणि आयात केलेल्या मोटारीला ८०,००० रुपये. जीएसटी वेगळा. १५ ते २० वर्षांमधल्या गाड्यांना २०२२चेच दर आहेत.

यात सर्वांत जास्त भरडले जातात ते मधले. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली पहिल्या तुकडीतली मारुती ८०० घ्या. हौशी माणसाच्या दृष्टीने ती केव्हाच ‘क्लासिक’ झाली, पण ‘विंटेज’ व्हायला तिला डिसेंबर २०३३ उजाडावा लागेल. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा, प्रीमियरची ११८ एनई, यामाहाची आरएक्स १००, शेवटच्या वर्षांतल्या प्रीमियर पद्मिनी या सगळ्यांची तीच गत. आपल्याकडे ‘क्लासिक’ नावाचा वर्गच कायद्यात नाही. चाळीस वर्षांची जपलेली काँटेसा आणि एकवीस वर्षांची कुठलीही खटारा गाडी एकाच रांगेत, एकाच दराने उभ्या असतात. हा धोरणातला दोष आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता विंटेजकडे वळू. १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१अ ते ८१ग हे नियम आले आणि विंटेज गाडीला देशभर एकच व्याख्या मिळाली. पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खाजगी वापराची दुचाकी किंवा मोटार, मूळ रूपात जपलेली, म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली. अर्ज फॉर्म २०मध्ये. सोबत विमा पॉलिसी, शुल्क, आधी भारतात नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक आणि परदेशातून आणली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयातीचा दाखला). नियमात ६० दिवसांत फॉर्म २३अ प्रमाणे आरसी द्यायची तरतूद आहे. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,००० रुपये.

जुना नंबर जातो, अशी एक भीती अनेकांना असते. ती सोडून द्या. आधी नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. १९८८चा कायदा लागू होण्याआधीची, ‘एमएच’ नसलेली, तीन इंग्रजी अक्षरं आणि चार आकड्यांची पाटी हाच अनेकांचा खरा खजिना असतो आणि नियमाने त्याला हात लावलेला नाही. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला मात्र ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते: आधी राज्याची दोन अक्षरं, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे.

आता पैशांचा हिशेब.

देशी मोटार, वीस वर्षांवरची, नेहमीच्या नोंदणीत ठेवली तर दर ५ वर्षांनी १०,०००, म्हणजे दहा वर्षांचे २०,०००. विंटेज केली तर पहिल्या दहा वर्षांचेही २०,०००च. बरोबरी झाली. वीस वर्षांचा विचार केला तर ४०,००० विरुद्ध २५,०००. जुने ६०० रुपये होते तेव्हा याच दहा वर्षांना १,२०० लागायचे, त्या काळात विंटेज करणं म्हणजे निव्वळ हौस होती. ऑगस्ट २०२५ने ते पारडं फिरवलं.

स्कूटरचं गणित अगदी उलटं आहे. बजाजची व्हेस्पा असो, लॅम्ब्रेटा असो किंवा जावा, नेहमीच्या नोंदणीत दहा वर्षांचे ४,००० लागतात आणि विंटेजला २०,०००, कारण विंटेजच्या शुल्कात दुचाकी-चारचाकी असा फरकच केलेला नाही. वीस वर्षांचे ८,००० विरुद्ध २५,०००. त्यामुळे देशी दुचाकीवाल्यांनी या भानगडीत पडू नये. परदेशी मोटार असेल तर मात्र क्षणभरही विचार करू नका: दहा वर्षांचे १,६०,००० कुठे आणि २०,००० कुठे! पोर्तुगीज काळात गोव्यात थेट उतरलेल्या गाड्या आज ज्यांच्या वाड्यांत उभ्या आहेत, त्यांच्यासाठी तर हा मोठा दिलासा आहे.

पण पैशांखेरीज एक मोठी किंमत आहे आणि ती पाहुण्यांना माहीत नसते. विंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापरातून बाद होते. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, विंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. लग्नाला भाड्याने देणं, शूटिंगला लावणं हे तर व्यावसायिक वापरात मोडतं. आमची फियाट दर रविवारी सकाळी मंडईत जाते. मेथीच्या जुड्या आणणं त्या यादीत कुठेच बसत नाही. म्हणून हिशेब बरोबरीचा असूनही मी नेहमीचंच नूतनीकरण केलं. ज्यांची गाडी वर्षातून दोन रॅलींपुरती बाहेर निघते, त्यांनी बिनदिक्कत विंटेज करावी. त्यांना थर्ड पार्टी विम्यातही फायदा आहे: जून २०२२पासून लागू झालेल्या दरांत विंटेज मोटारीला प्रीमियमवर ५० टक्के सूट ठेवली आहे.

अर्ज अडतो तो बहुधा ‘मूळ रूपात’ या शब्दांवर. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी ॲम्बॅसॅडर आणि फियाटच्या पोटात डिझेल इंजिन बसवली गेली. विलीज जीपचं तर विचारूच नका, मूळ इंजिनाची जीप शोधावी लागते. अशा गाडीचा इंजिन बदल आरसी बुकात नोंदलेला असला, तरी तो कायदेशीर आहे एवढंच सिद्ध होतं. गाडी मूळ रूपात आहे हे नाही. रंग, सीटकव्हर, टायर, वायरिंग ही देखभाल झाली, तिला मोठा फेरफार कोणी म्हणणार नाही. तरी आरसीवर ‘आयव्हरी’ आणि गाडी तांबडीलाल असली तर इन्स्पेक्टर भुवया उंचावणारच, तेव्हा रंगाची नोंद आधी दुरुस्त करून घ्या. छत कापून ‘ओपन’ केलेली डुक्कर फियाट कितीही झोकदार दिसली, तरी ती या नियमातून बाहेर गेली.

दुसरी अडचण तारखेची. वय मोजायचं ते कारखान्यातल्या सालापासून नाही, नोंदणीपासून. समजा लष्कराच्या लिलावातून घेतलेली १९४५ची जीप पहिल्यांदा १९७८मध्ये मुलकी नोंदणीत आली. कागदावर तिची पन्नाशी २०२८मध्ये भरते, मग ती दुसऱ्या महायुद्धात कुठे का फिरलेली असेना. आरसी बुकातली ‘पहिल्या नोंदणीची तारीख’ ही ओळ म्हणूनच आधी वाचा. दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीच्या बुकात कधी कधी आपल्या राज्यातली तारीखच ठळक दिसते. तिथे मूळ राज्याचं जुनं बुक किंवा त्याचा उतारा लागतो.

तिसरी अडचण संगणकाची. जुन्या गाड्यांच्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत होत्या आणि सगळ्याच ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत चढलेल्या नाहीत. परिवहन पोर्टलवर नंबर टाकल्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ आलं, तर ऑनलाइन शुल्क भरता येत नाही, आणि एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटीसुद्धा मागवता येत नाही. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना ती पाटी बसवायची आहे (मोटारीला ७४५ रुपये, दुचाकीला ४५०, जीएसटी वेगळा). उपाय एकच: मूळ आरसी बुक, विमा, कर भरल्याच्या पावत्या आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा घेऊन कार्यालयात जायचं आणि ‘बॅकलॉग एंट्री’, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून मागायची. मला त्यासाठी चार फेऱ्या पडल्या. तिसऱ्या फेरीत कळलं की बुकावरच्या चेसिस नंबरातला एक आकडा कोणा कारकुनाने पन्नास वर्षांपूर्वी ७चा १ लिहिला होता. गाडीवरचा ठसा, इन्स्पेक्टरची तपासणी आणि एक प्रतिज्ञापत्र एवढ्यावर ते दुरुस्त झालं. तेव्हा घरून निघण्यापूर्वी बॉनेट उघडा, टॉर्च लावून पट्टीवरचा नंबर वाचा आणि बुकाशी एकेक आकडा ताडून पाहा.

नेहमीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५ लागतो. मुदत संपण्याच्या आधी ६० दिवसांपासून तो भरता येतो. आरसी, चालू विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, चेसिसचा ठसा, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कराची पावती. ही पावती विसरणारे फार. गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. ब्रेक, हॉर्न, सगळे दिवे, वायपर आणि हँडब्रेक आदल्या आठवड्यात पाहून घ्या. जुनी गाडी इंजिनामुळे क्वचितच नापास होते, सिग्नलच्या दहा रुपयांच्या बल्बमुळे होते. पीयूसीचा बाऊ करू नका. बीएस (भारत स्टेज) हे धुराचे सरकारी निकष; त्यातल्या बीएस-२च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. कार्ब्युरेटर जाणत्या मिस्त्रीकडून नीट जुळवून घेतला आणि गाडी गरम करून नेली, की काम होतं.

उशीर मात्र महागात पडतो. मुदत संपल्यावर मोटारीला दर महिन्याला, किंवा महिन्याच्या भागालाही, ५०० रुपये आणि दुचाकीला ३०० जादा. दोन वर्षं कव्हर घालून विसरलेल्या मोटारीचे १२,००० इथेच गेले, मूळ शुल्काच्याही वर.

परदेशातून जुनी मोटार आणू पाहणाऱ्यांसाठी एक बदल सांगून ठेवतो. पूर्वी १९५०च्या आधीच्या गाड्यांनाच विंटेज म्हणून मोकळी वाट होती. २०२५मध्ये तिथेही ५० वर्षांचा सरकता निकष आला. कस्टमचं ओझं मात्र जबर असतं, तेव्हा गाडी पसंत करण्याआधी कस्टम एजंटकडून आकडा लेखी घ्या.

दिल्लीला बदली होणाऱ्यांनी गाडी सोबत नेऊ नये. तिथे १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला बंदी आहे. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईपासून दिलेला दिलासा डिसेंबरात बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता राहिला. महाराष्ट्रात खाजगी गाडीला अशी वयाची बंदी नाही. टॅक्सीला आहे, २० वर्षांची. म्हणूनच मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. तीच गाडी खाजगी नोंदणीत असती, तर शुल्क भरून आजही धावली असती.

आणि हे सगळं करण्याआधी आरसी बुकाचं पहिलं पान उघडून नाव पाहा. निम्म्या जुन्या गाड्या आजही आजोबांच्या नावावर असतात. मालक वारल्यावर ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची असते. आपल्याकडे ते तीस वर्षांनी आठवतं. उशिराचा दंड भरून तेही होतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची ना-हरकत लागते. आमच्या वेळी नागपूरची आत्या आणि न्यू जर्सीचा चुलतभाऊ, दोघांच्या सह्या मिळवायला सात महिने गेले. परदेशातल्या वारसाची सही तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून मागवा, म्हणजे कागद परत येणार नाही.