पार्श्वभूमी: सायकोसिसचा धोका असलेली हिस्पॅनिक मुलं आणि घराबाहेर न गेलेले आघात

कानात आवाज येऊ लागले, कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटू लागलं, की सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, पुरता जडण्याआधीच मदत करावी, या विचारातून १९९० च्या दशकात मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅक्गॉरी आणि ॲलिसन युंग यांच्या गटाने तरुणांसाठी वेगळं क्लिनिक उभं केलं. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात टॉमस मॅक्ग्लॅशन यांच्या गटाने धोका ओळखण्यासाठी ठरावीक प्रश्नांची मुलाखत तयार केली. तिचा भर लक्षणांवर होता. मुलाच्या आयुष्यात काय घडलं, हा तिचा मुख्य विषय नव्हता.

त्याला जुनं कारण आहे. १९४८ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी स्किझोफ्रेनियाचं (सायकोसिसच्या एका गंभीर आजाराचं) खापर आईच्या वागण्यावर फोडणारी कल्पना मांडली. अनेक कुटुंबं त्यात होरपळली. नंतर संशोधन मेंदू आणि आनुवंशिकतेकडे वळलं, आणि माझ्या मते त्या भरात घरातल्या मारहाणीची, लैंगिक अत्याचाराची चौकशीही मागे पडली. ती परतायला बराच काळ गेला. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात बालपणीचे आघात आणि सायकोसिस यांचा संबंध ठळक दिसला. आघात सोसलेल्यांत सायकोसिसची शक्यता सुमारे २.८ पट होती.

पण विचारलं म्हणजे उत्तर मिळतंच असं नाही. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेली, लोकसंख्या ६.२ कोटींवर आहे. मेक्सिको, पोर्तो रिको, ग्वातेमाला अशी मुळं वेगवेगळी असली, तरी घरचे मळके कपडे घरीच धुवावेत ही स्पॅनिश म्हण त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यामागे घराची लाज असते, तशी घराबद्दलची मायाही असते. हे मौन निव्वळ मागासलेपणाचं लक्षण समजणं अन्यायाचं आहे.

शिवाय भीतीला आधार आहे. १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत मुलांवरील अत्याचाराची खबर डॉक्टरांनी सरकारला देण्याचे कायदे झाले होते. ते मुलांच्या रक्षणासाठीच होते. पण आईवडिलांकडे देशात राहण्याची कागदपत्रं नसतील, तर एका वाक्याने घर मोडेल असं मुलाला वाटणं स्वाभाविक आहे. २०१८ मध्ये सीमेवर हजारो मुलांना आईवडिलांपासून तोडल्याचं साऱ्या देशाने पाहिलं. त्यात किती मुलं तर आघात सोबत घेऊनच येतात: मध्य अमेरिकेतल्या टोळ्यांची हिंसा, वाटेतली लूट, अत्याचार.

भाषेची अडचण आणखी वेगळी. मूल इंग्रजीत सरावलेलं, आई स्पॅनिशच बोलणारी. अमेरिकी सरकारचे प्रमुख आरोग्य अधिकारी असलेल्या सर्जन जनरलच्या २००१ च्या अहवालानुसार दर १ लाख हिस्पॅनिकांमागे त्यांच्याच समाजातले मानसिक आरोग्य व्यावसायिक जेमतेम २९ होते. अशा वेळी मुलालाच दुभाषा करण्याचा मोह होतो. २०१६ च्या संघराज्य नियमांनी आणीबाणी वगळता त्याला मनाई केली. स्वतःवर झालेला अत्याचार स्वतःच आईला भाषांतर करून सांगावा लागेल, तिथे मूल 'काही घडलं नाही' असंच म्हणेल. पहिल्या भेटीतल्या त्या नकारावर फाइल बंद न करता, मुलाला एकट्याला, त्याला सोयीच्या भाषेत, ओळख जुळल्यावर पुन्हा विचारायला हवं. धोक्याच्या यादीतल्या बहुतेक मुलांना पुढे सायकोसिस होतही नाही; आघाताचा त्रास मात्र त्यांना आजच होत असतो.