अर्ली मॉडर्न कॅथलिसिझम (इतिहासलेखनातली संज्ञा)

साधारण १५व्या शतकाच्या शेवटापासून १८व्या शतकापर्यंतच्या कॅथलिक जगासाठी इतिहासकार हल्ली वापरतात ते नाव. सुरुवात आणि शेवट कुठे धरायचा यावर एकमत नाही. ट्रेंटची परिषद (कॅथलिक बिशपांची मोठी सभा, १५४५–६३), जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ), इन्क्विझिशन (पाखंडाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) हे सगळं यातच येतं, पण या नोंदीचा विषय नाव हाच आहे, कारण इथे नाव बदललं की अभ्यासक शोधतात काय तेही बदलतं.

जुना शब्द काउंटर-रिफॉर्मेशन, मराठीत प्रतिधर्मसुधारणा, म्हणजे ल्यूथरपासून सुरू झालेल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेला कॅथलिकांचं उत्तर. तो साधारणपणे ग्योटिंगेनचे कायदेपंडित योहान श्टेफान प्युटर यांच्यापर्यंत मागे नेला जातो, साल १७७६. गंमत म्हणजे त्यांनी तो अनेकवचनात वापरला होता आणि अर्थही मर्यादित होता: ल्युथरन झालेला एखादा जर्मन प्रदेश जबरदस्तीने परत कॅथलिक करणं, म्हणजे अशी एकेक सुटी प्रकरणं. पुढे १९व्या शतकात त्याचं एकवचन झालं आणि अख्ख्या युगाला ते नाव चिकटलं, यात जर्मन इतिहासकार रांके यांचा वाटा मोठा. फरक एका प्रत्ययाचा, पण कॅथलिकांनी जे काही केलं ते प्रोटेस्टंटांना उत्तर म्हणूनच केलं असं त्यामुळे धरून चाललं जायला लागलं. याला छेद दिला तो एका प्रोटेस्टंट इतिहासकारानेच, विल्हेल्म माउरेनब्रेखर यांनी १८८० मध्ये. 'कॅथलिक रिफॉर्मेशन' हे नाव घेऊन त्यांनी ल्यूथरच्या आधीच स्पेनमध्ये सुरू झालेल्या सुधारणेकडे बोट दाखवलं.

१९४६ मध्ये हुबर्ट येडिन यांनी दोन्ही शब्द ठेवले: आतून झालेलं नूतनीकरण ते कॅथलिक सुधारणा, बचाव आणि प्रतिहल्ला ते काउंटर-रिफॉर्मेशन, आणि दोन्हींना जोडणारा दुवा ट्रेंट. ही मांडणी बराच काळ प्रमाण मानली गेली, पण तिची नजर पोप, बिशप आणि परिषदा यांच्यावरच राहते, गावातला माणूस फारसा दिसत नाही. तो आणला झाँ देल्युमो, जॉन बॉसी वगैरे इतिहासकारांनी. १९७० नंतर वोल्फगांग राइनहार्ट आणि हाइन्झ शिलिंग यांनी कन्फेशनलायझेशन मांडलं, म्हणजे कॅथलिक, ल्युथरन, कॅल्विनिस्ट तिन्हीकडे चर्च आणि राज्यसत्ता मिळून लोकांना शिस्त लावत होत्या. 'अर्ली मॉडर्न कॅथलिसिझम' हे नाव पुढे आणलं जॉन ओमॅली यांनी, मुख्यतः २००० सालच्या पुस्तकातून. त्यांचं म्हणणं, जुनी नावं टाकू नका, पण नन्स, कॉन्फ्रेटर्निटी (सामान्य भाविकांचे धार्मिक संघ), मिशनरी यांनाही सामावेल असं मोठं छत्र हवं. छत्र जरा जास्तच सैल आहे हा आक्षेप खरा आहे, तरी युरोपाबाहेरचा इतिहास त्यात सगळ्यात नीट बसतो.

साधनांचा भाग तितकाच महत्त्वाचा. व्हॅटिकनचं अर्काइव्ह संशोधकांना १८८१ मध्ये खुलं झालं, रोमच्या इन्क्विझिशनचं थेट १९९८ मध्ये. सामान्य माणसापर्यंत जायचं तर पॅरिशच्या, म्हणजे एकेका स्थानिक चर्चच्या, वह्या. ट्रेंटच्या १५६३ च्या 'तामेत्सी' या हुकुमाने लग्नाला पॅरिशचा पाद्री आणि दोन-तीन साक्षीदार सक्तीचे केले आणि नवराबायको, साक्षीदार, तारीख, ठिकाण वहीत लिहून ठेवायला लावलं. हेतू होता चोरून होणारी लग्नं थांबवायचा, पण शेतकऱ्या-मजुरांची नावं कुठेतरी लिहिली गेली ती अशी, आणि लोकसंख्येचा इतिहास लिहिणारे आज त्याच वह्यांवर अवलंबून आहेत.

गोव्यासाठी मात्र साधनं तुटपुंजी. तिथलं इन्क्विझिशन १५६० ते १८१२, मध्ये १७७४–७८ बंद. खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट झालेत, त्यामुळे लिस्बनमध्ये असलेली १६२३ ची खटल्यांची यादी फार मोलाची ठरते. मराठी अभ्यासकांपैकी अ. का. प्रियोळकर यांचं १९६१ चं काम याच विषयावर. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी काव्य, १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा, पण त्या काळातली एकही छापील प्रत आजवर मिळालेली नाही. अभ्यास चालतो तो हस्तलिखितांवर आणि १९०७ च्या मंगळूर आवृत्तीवर.