‘शेजारच्या तालुक्यात तीस हजार कमी सांगतात’: नव्या ट्रॅक्टरचा भाव करायला येण्यापूर्वी

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा जवळ आला की शोरूममध्ये रोज हेच वाक्य ऐकू येते. कोणते मॉडेल, असे विचारले की उत्तर मिळते, ‘हेच की, पंचेचाळीस एचपीचं.’ मग दिवसभर फोनाफोनी होते, आणि संध्याकाळी कळते की तिकडचा ट्रॅक्टर वेगळाच होता. यात तुमची एक खेप फुकट जाते आणि आमचा एक माणूस अडकतो. म्हणून हे पत्रक.

एकाच नावाच्या, एकाच एचपीच्या दोन ट्रॅक्टरांत पुष्कळ फरक असतो. मागचे टायर १३.६-२८ आहेत की १४.९-२८, स्टीअरिंग साधे आहे की पॉवर, क्लच सिंगल की ड्युअल, लिफ्ट किती किलो उचलते, यातल्या प्रत्येक गोष्टीने किंमत बदलते. त्यावर जोडसाहित्य: टॉपलिंक, ड्रॉबार, हूक, बंपर, छत आणि पुढची वजने. कोणी हे धरून भाव सांगतो, कोणी वगळून. तोंडी सांगितलेल्या भावात यातले काहीच दिसत नाही.

तेव्हा कुठेही गेलात तरी लेखी कोटेशन घ्या. त्यावर व्हेरियंटसह मॉडेलचे पूर्ण नाव, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, टायरचे आकार, मूळ किंमत, जीएसटी, आरटीओ नोंदणी, विमा आणि सोबत मिळणारे साहित्य अशा वेगवेगळ्या ओळी हव्यात. शेवटी एकच आकडा हवा: ट्रॅक्टर दारात येईपर्यंत खिशातून एकूण किती जाणार. तुलना या आकड्याची करा. सवलतीचा आकडा कितीही मोठा दाखवता येतो, कारण ती कशातून वजा केली हे दाखवणाऱ्याच्या हातात असते.

जीएसटीचेच बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मूळ किंमत ७,००,००० असेल तर पूर्वी ७,८४,००० होत होते, आता ७,३५,००० होतात. हे ४९,००० रुपये सरकारने कमी केलेत. जुना दर दाखवून तेच पैसे कोणी ‘खास सूट’ म्हणून मांडत असेल तर ती सूट धरू नका. सूट मोजायची ती ५ टक्के कर धरून आलेल्या किमतीतून.

सगळ्यात जास्त पैसे मात्र कर्जात जातात, आणि तिथे घासाघीस कोणीच करत नाही. समजा ६ लाखांचे कर्ज आहे, मुदत ५ वर्षे, सहामाही १० हप्ते. ‘फक्त ८ टक्के’ असे सांगितले आणि तो दर फ्लॅट असला, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ ६ लाखांवरच व्याज लागले, तर व्याज २,४०,००० आणि हप्ता ८४,००० होतो. घटत्या शिलकीच्या, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच व्याज धरण्याच्या, हिशोबाने हाच दर सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास पडतो. दुसरीकडे ११ टक्के, पण घटत्या शिलकीवर, असे कर्ज मिळाले तर हप्ता साधारण ७९,६०० येतो. म्हणजे ऐकायला महाग वाटणारे कर्ज दहा हप्त्यांत ४४,००० रुपयांनी स्वस्त पडते. ट्रॅक्टरवर वीस हजार सोडवून घेतले आणि इथे दुप्पट घातले, असे फार जणांचे होते. म्हणून विचारायचे ते असे: दर फ्लॅट की घटत्या शिलकीवर? प्रोसेसिंग फी किती? कर्जाचा विमा रकमेत मिसळलाय का? मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड किती? ट्रॅक्टरचा विमा आमच्याकडूनच घ्या असा आमचा आग्रह नाही. बाहेरचा स्वस्त पडत असेल तर तो आणा.

जुना ट्रॅक्टर द्यायचा असेल तर फरकाची रक्कम बघा. एक जण नव्याचे ७,६०,००० सांगून जुन्याचे ३,२०,००० देतो, दुसरा नव्याचे ७,३५,००० सांगून जुन्याचे २,८५,०००. दुसऱ्याकडे नवा पंचवीस हजारांनी स्वस्त दिसतो, पण तुमच्या खिशातून जातात ४,५०,०००, पहिल्याकडे ४,४०,०००. आधी नव्याचा भाव लेखी घ्या, जुन्याचा विषय नंतर काढा. आम्हाला हे सोयीचे नाही, तरी तुमच्यासाठी हेच बरोबर आहे. जुन्याची आरसी दुसऱ्याच्या नावावर झाली की नाही याचा पाठपुरावा सोडू नका.

डीलरचा माल बहुधा उधारीच्या पैशावर उभा असतो. ठरलेले दिवस उलटले की व्याज लागते, त्यामुळे यार्डात बरेच दिवस उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर आणि महिनाअखेरीला, विशेषतः मार्चमध्ये, भाव खाली येण्याला वाव असतो. पाडव्याच्या सकाळी तो जवळपास नसतोच. मुहूर्तावर ट्रॅक्टर न्यायचा असेल तर भाव पंधरा दिवस आधी ठरवून ठेवा. जानेवारीत गेल्या वर्षीचे उत्पादन घेत असाल तर जादा सूट मागाच, कारण आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेले असते आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तेच बघते.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज केला असेल तर पूर्वसंमती पत्र हातात येईपर्यंत बिल करू नका. आधीच्या तारखेचे बिल असेल तर अनुदान जाते. त्या रकमेपुढे कुठलीच सूट टिकत नाही.

आम्ही फोनवर शेवटचा भाव सांगत नाही, याचा काहींना राग येतो. कारण वर दिलेच आहे. कमी रकमेचे बिलही करून देत नाही. विम्याचा दावा आणि अनुदानाची फाइल त्याच कागदावर चालते. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख आयकर कायद्यामुळे घेता येत नाही, बाकी रक्कम बँकेतून द्यावी लागते.

ट्रॅक्टर ताब्यात घेताना चेसिस आणि इंजिन नंबर बिलाशी व फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (ट्रॅक्टर रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला) यांच्याशी स्वतः ताडून बघा. इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरवर दोन-चार तास असणारच. चाळीस-पन्नास दिसले तर तो बहुधा डेमोचा, म्हणजे गिऱ्हाइकांना चालवून दाखवलेला, ट्रॅक्टर आहे, आणि त्याचा भाव वेगळा असतो.

दुसरीकडचे लेखी कोटेशन, सातबारा, आठ-अ, आधार आणि जुन्या ट्रॅक्टरची आरसी घेऊन या. दोन्ही कोटेशने शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवायला अर्धा तास पुरतो. आमचे कोटेशन मोफत आहे, भाव सात दिवस बांधील राहतो, आणि ते घेऊन तुम्ही दुसरीकडे चौकशी केलीत तरी आमची हरकत नाही.