पोर्तुगालमध्ये मुलींची शाळा तिसरीतच का संपायची

पोर्तुगालमध्ये आज जवळपास प्रत्येक मुलगी प्राथमिक शिक्षण पुरं करते. तरीही २०२१ च्या जनगणनेत तिथे २.१ टक्के पुरुष निरक्षर होते आणि स्त्रिया ४.० टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हा फरक आजच्या शाळांचा नाही. त्यात मुख्यतः वयस्कर बायका आहेत. मुलीने किती शिकायचं, हे त्यांच्या लहानपणी आधी घराने ठरवलं आणि पुढे काही वर्षं कायद्यानेही.

सुरुवातच उशिराची आहे. लिस्बनमध्ये मुलींसाठी १८ शिक्षिका नेमायचा हुकूम १७९० मध्ये निघाला आणि त्याची अंमलबजावणी व्हायला १८१५ उजाडलं. १८४४ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं झालं, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंडाची तरतूदही झाली. पण गावात शाळाच नसेल तर दंड कोणाला करणार? १९०० च्या सुमारास देशातली जवळपास तीन चतुर्थांश माणसं निरक्षर होती. १९१० मध्ये प्रजासत्ताक आलं. त्याने १९११ मध्ये तीन इयत्ता सक्तीच्या केल्या आणि १९१९ मध्ये पाच. कागद पुढे गेला, पण तेवढ्या शाळा आणि तेवढे शिक्षक उभे राहिले नाहीत.

१९२६ च्या लष्करी उठावानंतर गाडी उलटी फिरली. मुलगे-मुली एका वर्गात बसवणं बंद झालं. सक्तीचं शिक्षण आधी चार आणि १९३० मध्ये तीन इयत्तांवर आलं. पहिली तीन वर्षं म्हणजे पहिला टप्पा, चौथी म्हणजे दुसरा. गोव्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी असलेले ‘प्रिमेर ग्राव’ आणि ‘सेगुंद ग्राव’ हे शब्द याच व्यवस्थेतले. उठावानंतर सत्तेवर आलेल्या हुकूमशहा सालाझारच्या राजवटीला गावच्या पोरांनी वाचणं, लिहिणं आणि हिशेब एवढं शिकलं की पुरेसं वाटत होतं.

शिक्षिकांचं काय झालं, तेही पाहायला हवं, कारण मुलींचं शिक्षण त्यांच्यावरच उभं होतं. खेड्यांत पूर्ण शाळेऐवजी ‘शिक्षण केंद्रं’ उघडली. तिथे अध्यापनाचं प्रशिक्षण नसलेल्या, तुटपुंज्या पगारावरच्या ‘रेजेन्त’ नेमल्या जात. १९३६ मध्ये अध्यापक विद्यालयांत नवे प्रवेश थांबले, ते थेट १९४२ पर्यंत. १९३६ मध्येच आणखी एक नियम आला: प्राथमिक शिक्षिकेला लग्न करायचं तर मंत्रालयाची परवानगी हवी, आणि नवऱ्या मुलाचं चालचलन चांगलं आणि त्याची मिळकत तिच्या पगाराला साजेशी असल्याचं दाखवायला हवं. ज्या बाईकडे पाहून गावातल्या मुलीने पुढे शिकायचं, तिचंच आयुष्य असं बांधलेलं होतं.

चाळीसच्या दशकात शाळांच्या इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. नकाशा ठरलेला असे. बऱ्याच ठिकाणी एकाच इमारतीचे दोन भाग, एक मुलग्यांचा आणि एक मुलींचा, दारं वेगळी. वर्गात फळ्याच्या वर क्रूस. मुलींच्या बाजूला शिवणकाम-विणकाम ठरलेलं. १९५२ मध्ये मोठी साक्षरता मोहीम निघाली आणि मुलांना शाळेत आणण्याची सक्ती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने राबवली गेली.

मग ३१ डिसेंबर १९५६ चा हुकूम आला: चौथी इयत्ता सक्तीची, पण फक्त मुलग्यांना. मुलींना तीनच. घरची धाकटी भावंडं, ऑलिव्हची तोडणी, शहरात कोणाच्या तरी घरी मोलकरीण म्हणून जाणं, ही कामं मुलींच्या वाट्याला आधीपासूनच होती. आता तिसरीची परीक्षा दिली की तिला घरी ठेवण्यात बेकायदेशीर असं काही राहिलं नाही. मे १९६० मध्ये मुलींनाही चौथी सक्तीची झाली. मधली साडेतीन वर्षं थोडी वाटतात, पण चौथीचा दाखला नसलेल्या त्या मुलींना पुढची वाट तिथेच बंद झाली.

१९६४ मध्ये सक्ती सहा वर्षांची झाली. पाचवी-सहावीची शाळा जवळ नसलेल्या भागांसाठी १९६५ पासून ‘टेलिस्कोला’ सुरू झाली: वर्गात दूरचित्रवाणी संच, त्यावर धडा, आणि धडा संपल्यावर तिथला शिक्षक सराव करून घेणार. मुलीला परगावी पाठवायला तयार नसलेल्या घरांसाठी ही सोय फार मोलाची होती. तरी १९७० च्या जनगणनेत ३१.० टक्के स्त्रिया निरक्षर निघाल्या, पुरुष १९.७ टक्के. मुलगे-मुली पुन्हा एकत्र बसू लागले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर चौथीची परीक्षा रद्द झाली. १९८६ मध्ये सक्ती नऊ वर्षांची झाली, २००९ मध्ये बारा.

ही सगळी वाट माहीत नसेल तर पूर्णतेचा आकडा, म्हणजे किती टक्के मुलींनी प्राथमिक शिक्षण पूर्ण केलं ते प्रमाण, वाचताना घोटाळा होतो. ‘प्राथमिक पूर्ण’ म्हणजे कुठपर्यंत? १९५८ मधल्या मुलीसाठी कायद्याने तिसरी, १९६२ मध्ये चौथी, आणि आजच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पोर्तुगालची सहावी. या तीन आकड्यांची एका रेषेत तुलना करता येत नाही.

दुसरी अडचण मोजणीची. शेवटच्या इयत्तेत पहिल्यांदाच आलेल्या मुली भागिले त्या इयत्तेच्या ठरलेल्या वयाच्या सगळ्या मुली, असं हे प्रमाण काढतात. समजा सहावीत १०८ मुली आहेत, त्यांतल्या १२ नापास होऊन पुन्हा बसलेल्या, आणि गावात अकरा वर्षांच्या मुली १०० आहेत. प्रमाण ९६ टक्के. नापास वगळायचं राहिलं तर तेच १०८ होतं. वर्षभराने मोठ्या मुलीही अंशात येतात, म्हणून नीट मोजूनही आकडा शंभराच्या वर जाऊ शकतो. शिवाय शेवटच्या इयत्तेत पोचली म्हणजे ती पास झाली, असं हे प्रमाण सांगत नाही. पोर्तुगालमध्ये एका इयत्तेत दोनदा बसणाऱ्यांचं प्रमाण दीर्घकाळ जास्त होतं, आणि साठच्या दशकात लाखो माणसं फ्रान्स-जर्मनीला गेल्याने छेदही डळमळीत असायचा. त्या दशकातलं प्रमाण पाहताना लोकसंख्या कोणत्या वर्षीची धरली आहे, ते आधी तपासावं.

आता गळती पुढच्या टप्प्यावर दिसते. १८ ते २४ वयोगटात माध्यमिक पूर्ण न करता शिक्षण सोडलेले २००२ मध्ये ४५ टक्के होते, २०२० मध्ये ८.९ टक्के. आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे जास्त आहेत.