ताटातली तुळस आणि ताटातला सब्जा

बँकॉकमध्ये शिकायला आल्यापासून आमच्या टोळक्याची दुपार ठरलेली: कॉलेजमागच्या गल्लीतली खाण्याची गाडी आणि तिच्यावरची ‘फट कफ्राव’ ही थाई डिश. (इंग्रजी पाटीवरचा पहिला शब्द, ‘Pad’, मराठी पोरं ‘पाद’ असा वाचतात आणि हसत सुटतात. फट म्हणजे परतणं, एवढंच.) गोंधळ पुढच्या शब्दाचा. पाटीवर कफ्रावचं भाषांतर ‘बेसिल’, शेजारच्या गाडीवर हिरव्या करीतल्या होराफाचंही ‘बेसिल’च. सोबतचा जर्मन मित्र दोन्ही एकच धरून चालला होता. मीसुद्धा, पहिला घास तोंडात जाईपर्यंत.

घासाला चक्क सर्दीच्या काढ्याचा वास आला. कफ्राव म्हणजे आपली तुळस! वृंदावनातलीच. आपल्याकडे राम तुळस आणि कृष्ण तुळस, तसं इथे पांढरं कफ्राव आणि लाल कफ्राव. लाल जास्त उग्र. होराफा मात्र सब्जाच्या जातकुळीतलं. फालुद्यात ज्याचं बी भिजवून घालतो, तोच सब्जा.

मंडईत दोन्ही जुड्या शेजारी पडलेल्या असतात. होराफाचं पान गुळगुळीत, चकचकीत, देठ जांभळा. चुरडलं की बडीशेपेसारखा गोडसर वास. कफ्रावच्या पानावर बारीक लव, कडा करवतीसारख्या आणि वास लवंगेकडे झुकणारा. ते साहजिकच आहे, कारण लवंगेला वास देणारं युजेनॉल हे द्रव्य तुळशीतही असतं. देठाच्या रंगावर मात्र विसंबू नये. लाल कफ्रावचा देठही जांभळाच असतो. मी एकदा फसलोय. चुरडून हुंगावं, बस.

स्वयंपाकातही दोघांचे स्वभाव वेगळे. होराफा कच्चंही चालतं. नूडलच्या वाडग्यात वरून तोडून घालतात, करी उतरवताना तिच्यात टाकतात. कफ्राव कच्चं सहसा कुणी खात नाही. लसूण-मिरची खलबत्त्यात ठेचून कढत तेलात, त्यावर खिमा, फिश सॉस, आणि अगदी शेवटी मूठभर पानं. आच लागली की वास उठतो. त्याआधी मिरचीच्या धुराने रांगेतल्या सगळ्यांना ठसका लागलेला असतो.

त्या ठसक्याचं खापर लोक पानावर फोडतात. पान जिभेला जरासं चुरचुरतं, खरं. पण जाळ असतो ‘फ्रिक खी नू’चा, शब्दशः उंदराच्या लेंडीएवढ्या मिरचीचा. आपलं तिखट तेलात, खोबऱ्यात मुरलेलं असतं, हे मात्र नुकतंच ठेचलेलं. ‘आम्हाला तिखटाचं काय सांगता’ या अभिमानावर मी दुसऱ्याच दिवशी तुळशीपत्र ठेवलं आणि ‘फेट नॉय’, म्हणजे ‘थोडंच तिखट’, म्हणायला शिकलो. पाणी पिऊन उपयोग नसतो. मिरचीची आग पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणून भातावरचं तळलेलं अंडं सोडू नये.

जर्मन मित्राचा घोळ त्याच्या गावच्या थाई हॉटेलातला. युरोपात ताजं कफ्राव सहज मिळत नाही, म्हणून तिथे बरेचदा होराफा घालून हीच डिश खपवतात. चव वाईट लागते असं नाही, पण मग तिला ‘फट होराफा’ म्हणावं.

तुळस घालून चिकन खाल्लं, हे मी आईला फोनवर सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग तिने विचारलं, “द्वादशीला तरी तोडलेली नव्हती ना?”