खेळतं भांडवल (छोट्या धंद्यातलं)

खेळतं भांडवल म्हणजे धंदा रोज चालता ठेवायला जो पैसा सतत फिरत असतो तो. मशीन, जागा, फर्निचर यात एकदाच अडकून बसतो तो वेगळा. छोटा धंदा काढायच्या आधी जी आखणी करायची त्यात हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका हाच राहून जातो. कापड विणायच्या मागाची किंमत पाठ असते, शेडचं डिपॉझिट माहीत असतं, पण पहिल्या मालाचे पैसे हातात येईपर्यंत किती दिवस घरचे पैसे घालावे लागतील हे कुठंच लिहिलेलं नसतं.

शब्दाबद्दल थोडं. 'भांडवल'चं संस्कृत 'भाण्ड'शी नातं आहे हे सहसा मान्य असतं, आणि तिथं भाण्ड म्हणजे नुसतं भांडं नाही, व्यापाराचा माल पण, म्हणून तर भांडार. प्रश्न येतो तो 'वल'चा. त्याला साधा प्रत्यय धरता येतो, पण संस्कृतात 'भाण्डमूल्य' म्हणजे मालात गुंतलेली पुंजी असा शब्दच आहे, त्यापासूनची झीज जास्त पटते, कारण मराठीत मधल्या म चा व होतोच (ग्रामचं गाव, नामचं नाव) आणि 'मूल्य'चं 'मोल' झालं तिथं म टिकला तो शब्दाच्या सुरुवातीला होता म्हणून. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात 'भांडवल' आहे, म्हणजे बोलण्यात त्याच्या बरंच आधीपासून असणार.

सोलापुरात साधारण 1877 च्या सुमारास 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाली. मिलचं भांडवल शेअरचं, हातमागवाल्याला मात्र व्यापारी सूत द्यायचा आणि कापड परत घ्यायचा, म्हणजे खेळतं भांडवल व्यापाऱ्याचं आणि भाव पण त्याचाच. आज स्वतःचा माग टाकणाऱ्याला ते स्वतः उभं करावं लागतं.

हिशोब दिवसांत करायचा. समजा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, रोजचा खर्च 4,000 रुपये. सूत 10 दिवस पडून, विणकाम-डाइंग-शिलाईला 15, तयार माल गोदामात 15, गिऱ्हाइकाची उधारी 45, झाले 85 दिवस. सूतवाल्यानं 15 दिवसांची उधारी दिली तर राहिले 70, म्हणजे 2,80,000 रुपये. हा आकडा थोडा जास्तच येतो, कारण मजुरी पहिल्या दिवसापासून अडकत नाही, पण नवख्या माणसानं जास्तच धरावा.

बँकेची रीत वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीनं 1992 च्या अहवालात लघुउद्योगासाठी सोपं सूत्र दिलं, वर्षाच्या अंदाजे विक्रीच्या 25 टक्के गरज धरायची, त्यातले विक्रीच्या 20 टक्के बँकेनं द्यायचे आणि विक्रीच्या 5 टक्के मालकानं घालायचे. वरच्या कारखान्याची विक्री 16 लाख धरली तर गरज 4 लाख, बँकेचे 3,20,000 आणि आपले 80,000. 25 टक्के म्हणजे तीन महिन्यांचं चक्र गृहीत धरलंय, टॉवेलला ते बऱ्यापैकी जुळतं. पण शाळेच्या युनिफॉर्मचं तसं नाही, कापड आणि शिलाईचा खर्च आधीचे कित्येक महिने चालू असतो आणि विक्री जूनच्या आसपास एकदम होते, तिथं वर्षाची सरासरी फसवते, महिन्यावार मांडणीच लागते. कडक भाकरी-शेंगा चटणी किंवा सोलापुरातल्या गड्डा यात्रेतला स्टॉल, यांचं चक्र रोखीचं आणि लहान.

उधारीवर कायद्याचा आधार आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, काही ठरलं नसेल तर 15. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पण त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगाची सरकारकडची नोंदणी, माल देण्याच्या आधी झालेली असावी, म्हणून ते काम पहिल्या बिलाच्या आधीच उरकायचं.