सर्व्हर चॅसिसमधील मोड्यूल बसवण्या-काढण्याची यंत्रणा

सर्व्हरच्या पोलादी चौकटीत, म्हणजे चॅसिसमध्ये, डिस्क, पॉवर सप्लाय, पंखे, नेटवर्क कार्ड, ब्लेड (कार्डासारखा पातळ सर्व्हर) असे सुटे मोड्यूल सरकवून जोडण्यासाठी व गरज पडल्यास ओढून काढण्यासाठी केलेली यांत्रिक व विद्युत योजना. सरकपट्टी, तरफ, खटका, मार्गदर्शक खुंटी, कमीजास्त लांबीच्या पिना व सूचक दिवा ही तिची मुख्य अंगे होत. यंत्र चालू असताना मोड्यूल बदलता येत असेल तर त्याला ‘हॉट-स्वॅप’ म्हणतात.

उगम : या यंत्रणेचा पाया १९ इंची (४८२.६ मिमी.) रॅक, म्हणजे यंत्रे एकावर एक बसवण्याची उभी चौकट, हा होय. त्याच्या उंचीचे एकक १.७५ इंच (४४.४५ मिमी.) असून त्यास ‘यू’ म्हणतात. हे माप कोठून आले याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ते अमेरिकेतील रेल्वे सिग्नलचे रिले (विजेने चालणारे स्विच) मांडण्याच्या चौकटींतून, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आले; ‘रिले रॅक’ हे जुने नाव त्याचा पुरावा म्हणून दिले जाते. दुसऱ्या मतानुसार एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने सुमारे १९२२ मध्ये ते ठरवले. लांब पल्ल्याच्या तारांवरील १९१४ च्या सुमाराची पहिली रिपीटर (क्षीण झालेला संदेश पुन्हा सबळ करणारी) यंत्रे फळ्यांवर व लाकडी पेट्यांत जमेल तशी मांडलेली होती. जाळे वाढले तशी जागा अपुरी पडू लागली, आणि यंत्रांच्या सर्व दर्शनी पट्ट्यांची उंची पावणेदोन इंचांच्या पटीत असावी असा नियम कंपनीने घातला. रिले दूरध्वनी केंद्रांतही असत, त्यामुळे केवळ नावावरून रेल्वेचा दावा सिद्ध होत नाही; मापाचा लेखी नियम दूरध्वनीच्या बाजूस आढळतो व ते मत अधिक ग्राह्य दिसते. १९३४ पर्यंत स्क्रूंच्या भोकांतील अंतर १.२५ व ०.५ इंच असे आलटून पालटून ठेवण्याची रीत रूढ झाली होती. आज एका ‘यू’मध्ये तीन भोके असतात व त्यांतील अंतरे १५.९, १५.९ व १२.७ मिमी. असतात. नवख्याच्या हातून चॅसिसची आधारपट्टी (रेल) एका भोकाने वर-खाली लागते आणि चॅसिस तिरका बसतो, तो या असमान अंतरांमुळेच. अमेरिकी मानक ईआयए-३१० ची १९९२ ची आवृत्ती व आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०२९७ यांत ही मापे दिली आहेत.

रेल्वेचे मत मागे पडले तरी रेल्वेची पद्धत या विषयाशी नाते सांगते. भारतीय रेल्वेच्या रिले-खोल्यांत ‘क्यू’ श्रेणीचे रिले खोबणीत दाबून बसवले जातात व त्यांच्या पाठीशी ठरावीक जागी खुंट्या असतात. खुंट्यांची जुळणी वेगळी असेल तर रिले आत शिरतच नाही. चुकीचा भाग चुकीच्या जागी बसू नये यासाठी सर्व्हरच्या बॅकप्लेनवर (मोड्यूल ज्यात जोडले जातात त्या आतील पाटीवर) जी खुंटी-खाचांची योजना असते, तिचे तत्त्व हेच आहे. रिले-खोलीत काम केलेल्या माणसाला ब्लेड चॅसिस समजावून देणे म्हणूनच सोपे जाते.

तरफ : मोड्यूल हाताने रेटून का बसवू नये, हे पिनांच्या संख्येवरून कळते. युरोकार्डावरील (चौकटीत सरकवण्याच्या प्रमाणित मापाच्या सर्किट कार्डावरील) ९६ पिनांच्या, डिन ४१६१२ या जर्मन मानकाच्या जोडणीस जास्तीत जास्त ९० न्यूटन, म्हणजे सुमारे ९ किलो वजनाइतका, जोर लागू शकतो. अशा दोन-तीन जोडण्या एका कार्डावर असल्या की नुसता अंगठा पुरत नाही, आणि जोर एका बाजूस अधिक पडला तर पिना वाकतात. पूर्वीच्या युरोकार्डांवरील तरफ फक्त बाहेर ढकलण्याच्या कामाची होती. पुढे आयईईई ११०१.१० या मानकाने आत ओढणारी व बाहेर ढकलणारी अशी दुहेरी तरफ आणली : तिचे नखासारखे टोक चॅसिसच्या ओठात अडकते, मूठ वळवली की कार्ड सरळ रेषेत आत जाते, मूठ उलट फिरवली की तेच टोक ओठावर रेटा देऊन कार्ड सोडवते. वरखाली दोन तरफा असतील तर त्या एकाच वेळी वळवाव्यात. जोडणीचे आयुष्यही मोजलेले असते : डिन ४१६१२ च्या पहिल्या वर्गात ५०० वेळा, दुसऱ्यात ४०० व तिसऱ्यात अवघे ५० वेळा बसवणे-काढणे गृहीत धरले आहे. ‘एकदा काढून बसवून बघू’ ही सवय तिसऱ्या वर्गाच्या जोडणीला महागात पडते.

पिनांचा क्रम : चालू यंत्रात मोड्यूल शिरतो तेव्हा त्याचे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) रिकामे असतात, ते एकदम प्रवाह ओढतात, ठिणगी पडते व शेजारच्या मोड्यूलचा व्होल्टेज क्षणभर खाली येतो. यावर उपाय म्हणजे पिनांची लांबी वेगवेगळी ठेवणे. साटा (डिस्क जोडण्याची एक प्रचलित पद्धत) डिस्कच्या १५ पिनांच्या वीजजोडणीत अर्थिंगच्या ४ व १२ क्रमांकाच्या पिना सर्वांत आधी टेकतात. मग ३, ७ व १३ या पिनांतून कपॅसिटर हळूहळू भरतात. वीजपुरवठ्याच्या उरलेल्या पिना शेवटी लागतात. ही पायरी-पायरीची भेट एका सेकंदाच्या आतच उरकते, पण हात थरथरला तर क्रम मोडतो. म्हणून अर्धवट घातलेला मोड्यूल तसाच ठेवू नये.

सूचना व परवानगी : दूरसंचार यंत्रांसाठीच्या २००२ च्या ॲडव्हान्स्डटीसीए मानकात तरफेखाली सूक्ष्म स्विच असतो. मूठ थोडी उघडली की तो नियंत्रकास कळवतो, निळा दिवा लुकलुकू लागतो, काम दुसरीकडे वळवले जाते आणि दिवा स्थिर झाला की कार्ड काढावे. या प्रवासाच्या एम-० ते एम-७ अशा आठ अवस्था मानकात दिल्या आहेत. येथे एक सावधगिरी हवी. साध्या रॅक सर्व्हरमध्ये अनेक उत्पादक निळा प्लास्टिकचा स्पर्शबिंदू ‘आधी वीज बंद करा’ या अर्थाने आणि नारिंगी किंवा तांबूस रंग हॉट-स्वॅपसाठी वापरतात. एका ठिकाणी निळा म्हणजे ‘काढा’, दुसऱ्या ठिकाणी ‘थांबा’. रंगावर विसंबण्यापेक्षा झाकणाच्या आतील चित्र पाहणे बरे.

डिस्क काढताना आधी तिचा सूचक दिवा पेटवून जागा पक्की करतात, कारण रेडमधील (अनेक डिस्क मिळून माहिती सांभाळणाऱ्या संचातील) चुकीची डिस्क ओढली तर सगळा संच कोसळू शकतो. मग कॅडीचा (डिस्क धरणाऱ्या सरकत्या खणाचा) खटका दाबला की मूठ उसळून पुढे येते. डिस्क बोटभर ओढून थांबावे; आतली तबकडी फिरायची थांबेपर्यंत हातात हलकी घरघर जाणवत राहते. ती विरली की कॅडी पूर्ण बाहेर घ्यावी.

पुढील वाटचाल : ब्लेड सर्व्हर २००१ च्या सुमारास बाजारात आले. ओपन कॉम्प्यूट या खुल्या आराखड्यांच्या प्रकल्पाने (२०११) २१ इंची रॅक व ४८ मिमी. चे एकक मांडले.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत सर्व्हर प्रामुख्याने विद्यापीठ, सहकारी बँका, रुग्णालये, सरकारी कार्यालये व कारखाने यांत आढळतात. सुटा भाग बहुधा नाशिक, पुणे किंवा मुंबईहून मागवावा लागतो. तो येईपर्यंत वाकलेली पिन अख्खे कार्यालय अडवून ठेवते. येथील उन्हाळा हा यंत्रणेचा खरा वैरी. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर सर्व्हरसाठी शिफारस केलेले तापमान १८ ते २७ अंश आहे. वैशाखातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. माणसाला तिचा चटका सुमारे ३,००० व्होल्टला जाणवतो. काही चिपा त्याहून पुष्कळ कमी व्होल्टलाच निकामी होतात, आणि काढणाऱ्याला काही कळतही नाही. मनगटपट्टा बांधून तो चॅसिसच्या उघड्या धातूला जोडणे हे येथे पुण्या-मुंबईपेक्षा अधिक निकडीचे आहे.

कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत रुईचे तंतू हवेतून उडत कार्यालयापर्यंत येतात व पंख्यांच्या जाळीवर गोधडीसारखा थर धरतात. पंखा मोड्यूल चालू यंत्रात काढता येतो, परंतु स्लॉट उघडा राहिला की हवा जवळच्या वाटेने परत फिरते आणि आतला भाग तापू लागतो. म्हणून साफ केलेला किंवा नवा पंखा आधी हाताशी ठेवावा, मगच जुना ओढावा. रिकाम्या स्लॉटला कोरे झाकण लावणेही त्याच कारणाने आवश्यक आहे. सरकपट्टीत काळ्या मातीची धूळ बसली असेल तर ती कोरड्या ब्रशने काढतात. तेल घातल्यास धूळ अधिकच धरते.